लीलाजिजीची पहिली रोटली

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर सही आणि किराण्याची यादी सोडली तर हातात पेन फारसा आला नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, एका शब्दाचे दोन झाले असतील, तर वाचणाऱ्याने राग मानू नये. तसं हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. माझ्या मुलीच्या, पूजाच्या, मागच्या वर्षीच्या वहीत बरीच पानं कोरी राहिली होती. आणि दिवाळीनंतर लीलाजिजी सुरत सोडून नंदुरबारला तिच्या मुलीकडे राहायला गेली. ती इथे होती तोवर तिच्याबद्दल लिहायचं काही कारण नव्हतं. दोन गल्ल्या ओलांडल्या की ती समोरच असायची.

जिजी मला पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी. सुरतेतल्या गोडादऱ्यात एका केटरर शेठच्या रसोड्यात मी रोटल्या लाटायला लागले, त्या दिवसाची गोष्ट. सकाळी सहा वाजता तवा तापला, पहिली रोटली फुगली, आणि एका उंच, सावळ्या बाईने ती चिमट्याने उचलून पदरात घेतली आणि सरळ रस्त्यावर चालती झाली. मला वाटलं, घरी मूल उपाशी असेल. मागच्या दारातून पाहिलं तर रिक्षा स्टँडजवळ एक तांबडी गाय उभी होती. बाईने तिला रोटली खाऊ घातली, कपाळाला हात लावला आणि परत येऊन पोळपाटासमोर बसली.

शेठ तेव्हा दारातच होता. त्याने विचारलं, "लीलाबेन, रोज एक रोटली जाय छे, एनो हिसाब?"

ती लाटता लाटता म्हणाली, "पहिली गायनी, मंग शेठनी."

शेठ हसला आणि गेला. मी मान खाली घालून लाटत राहिले. मी बोलत नाही असं दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं. जेवताना माझ्या ताटात लोणचं वाढत ती म्हणाली, "काय व, मुकी शे का तू?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मान हलवते म्हणजे बहिरी तरी नाहीस." तेव्हापासून माझं नाव मुकी पडलं. दुसऱ्या कोणी ठेवलं असतं तर मला रडू आलं असतं. जिजीच्या तोंडून ते हाक मारल्यासारखं वाटायचं.

ती आमच्याच बाजूची, पारोळ्याकडची. घरी-दारी अहिराणीच बोलायची. शेठशीही अहिराणी आणि गुजराती एकत्र कालवून बोलायची आणि त्याला ते सगळं समजायचं. नवरा रंगाच्या मिलमध्ये होता, तो लवकर गेला. एक मुलगी होती, तिला जिजीने रोटल्या लाटून वाढवलं आणि नंदुरबारला दिलं. इथपर्यंत तिची गोष्ट आमच्या सोसायटीतल्या पाच-पन्नास बायकांसारखी. पुढची मात्र कोणासारखीच नाही.

आमच्या शेठचा दुसरा धंदा सहलींचा. सुरतेच्या व्यापारी लोकांचं दुबई झालेलं, सिंगापूर झालेलं, स्वित्झर्लंडचा बर्फही दोनदा झालेला. त्यांना आता कोणी न पाहिलेली ठिकाणं हवी असतात. शेठ त्यांना तिथे नेतो. पण ठिकाण कितीही लांबचं असलं तरी संध्याकाळी गरम रोटली पाहिजे, नाहीतर लोक चिडतात. म्हणून सहलीबरोबर स्वयंपाकाला महाराज जातो, गॅसची शेगडी जाते, पिठाची पोती जातात. महाराजाच्या हाताला डाळ-भाजी छान, रोटली मात्र पापडासारखी. एकदा पॅसेंजर फारच भांडले, तेव्हा शेठने येऊन सांगितलं, "लीलाबेन, पासपोर्ट बनावो."

अशी जिजी अकरा देश फिरली. तिला देशांची नावं लक्षात राहायची नाहीत. पहिली रोटली कोणी खाल्ली त्यावरून ती देश ओळखायची. उंटाचा देश, मेंढीचा देश, केसाळ बैलाचा देश. ती सांगायची आणि रात्री मी पूजाला मोबाईलवर शोधायला लावायची. त्यामुळे खरी नावं मला माहीत आहेत, जिजीला अजून नाहीत.

उंटाचा देश म्हणजे तुर्कमेनिस्तान. तिथे वाळवंटात एक भलामोठा खड्डा आहे आणि त्याच्यात जमिनीतला गॅस कित्येक वर्षांपासून जळतो आहे. लोक लांबून तो बघायला येतात. दिवस मावळताना खड्डा लाल दिसायला लागतो. पॅसेंजर कडेला उभे राहून फोटो काढत होते आणि जिजी त्या उजेडात पीठ मळत होती. तिने गाईडला दोन गोष्टी विचारल्या. एक, यावर तवा कसा ठेवायचा. दुसरी, एवढी वर्षं कोणी बंद का केला नाही. आम्हाला सांगताना ती म्हणायची, "आपल्या शेठच्या रसोड्यात असा गॅस उघडा राहिला असता ना, तर सगळ्यांच्या पगारातून कापला असता. तिथे लोक त्याचं तिकीट काढतात."

बोलिव्हियात मैलोन्‌मैल नुसतं मिठाचं मैदान आहे, पांढरंशुभ्र. पाऊस पडून गेला की त्यात आभाळ दिसतं, पाय ठेवायला भीती वाटते. जिजीने गाडीतून उतरल्याबरोबर खाली वाकून बोट लावलं आणि चाटलं. "जरा कडवट आहे," म्हणाली, "पण चालेल." त्या दिवशी तिने खिचडीत तेच घातलं. रात्री जेवताना एक काका म्हणाले, आज खिचडी वेगळी लागते. जिजी म्हणाली, "काका, आज तुम्ही जमीन खाल्ली." तो भाग फार उंचावर आहे, तिथे पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही. महाराज हैराण झाला. जिजीचं म्हणणं, "पाणी नुसतं उकळल्याचा आवाज करतं. आपल्या गल्लीत अशी माणसं आहेत." तिथली पहिली रोटली लामा नावाच्या जनावराने खाल्ली. त्याच्या कानात लाल-हिरवी लोकर बांधलेली होती. जिजीला वाटलं, आज इथे पोळा असणार. तिने त्याच्यापुढे हात जोडले तर ते तिच्या पदरावर थुंकलं. "खाऊन मग थुंकलं," हे ती न विसरता सांगायची, कारण रोटलीचा अपमान झालेला नव्हता.

मला सगळ्यात आवडायची ती मेंढीच्या देशाची गोष्ट. समुद्रात कुठेतरी फॅरो नावाची बेटं आहेत. तिथे घरांच्या छपरांवर गवत वाढवतात. जिजी सकाळी पहिली रोटली घेऊन बाहेर पडली, तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मग दिसलं की एका घराच्या छपरावर मेंढी चरते आहे. जिजीने खालून रोटली फेकली. ती छपराच्या मधोमध जाऊन पडली आणि मेंढी होती दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात घरातून एक म्हातारी आली. जिजीने आधी स्वतःकडे, मग रोटलीकडे, मग मेंढीकडे बोट केलं. म्हातारीने थोडा वेळ विचार केला, आत गेली आणि शिडी घेऊन आली. स्वतः वर चढली, रोटली उचलून मेंढीच्या तोंडाशी धरली आणि खाली उतरून जिजीला आपल्या हातचे लोकरीचे मोजे दिले. जिजी ते मोजे गोडादऱ्याच्या थंडीत घालायची. गोडादऱ्याला थंडी किती असते ते सगळ्यांना माहीत आहे.

एवढं फिरून तिची एक तक्रार होती. अकरा देशांत तिला एकही गाय मिळाली नाही. गायी दिसायच्या, पण लांब, तारेच्या कुंपणापलीकडे. हाताने रोटली खाऊ घालता येईल अशी एकही नाही. "सगळ्यांना खाऊ घातलं, आणि जिची आहे तीच राहिली," असं ती म्हणायची. गमतीत म्हणायची, पण दर वेळी म्हणायची.

मग तिचं उजवं मनगट गेलं. आधी सूज, मग लाटणं हातातून सुटायला लागलं. डॉक्टरने सांगितलं, आता लाटायचं नाही. त्या दिवशी ती रसोड्यात आली, आपलं शिसवी लाटणं माझ्या पोळपाटावर ठेवलं आणि शेठला म्हणाली, "परदेशाला आता ही जाईल."

शेठने माझ्याकडे पाहिलं. "आ तो बोलती ज नथी."

"रोटली लाटायला तोंड लागत नाही," जिजी म्हणाली.

घरी सांगितलं तर माझे मिस्टर, ते लूमवर कामाला आहेत, हसत सुटले. "शेजारच्या घरी हळदीकुंकवाला जाताना पूजाला सोबत नेते, आणि विमानात एकटी बसणार?" ते वाईट बोलले नाहीत. खरं तेच बोलले. मी बाजारात भाव विचारत नाही, दुकानदार सांगेल ते देते. कोणी मोठ्याने नाव विचारलं की माझं मलाच आठवत नाही. मी जाणार नव्हते. पण जिजीला नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागलं असतं, ते जमलं नाही. त्यामुळे पासपोर्टचं काम सुरू झालं.

जिजीने त्याची तालीम घेतली. ती पिठाच्या पिंपामागे खुर्ची टाकून बसायची, नाकावर चष्मा ठेवायची आणि मी समोर उभी. "नाव? जन्म कुठला? नवरा काय करतो?" मी पुटपुटले की म्हणायची, "मोठ्याने बोल, साहेबाला पिंपामागे ऐकू येत नाही." बाकीच्या बायका हसून हसून लाटणं थांबवायच्या. खऱ्या ऑफिसात गेले तेव्हा काउंटरमागच्या मुलीने नाव विचारलं आणि मी इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. जिजी बाकावर बसून मान डोलावत होती.

पासपोर्टची फी, जाड कोट, बूट आणि चाकांची बॅग, सगळं मिळून सहा हजार रुपये झाले. जिजीने दिले. मी म्हटलं, दर महिन्याला पाचशे परत करीन. रसोडा सोडल्यावर जिजी घरीच असायची, म्हणून एक तारखेला मी तिच्या दारात जायची, पैसे द्यायची आणि वळायची. ती म्हणायची, "आलीच आहेस तर बस. काय झालं महिन्याभरात?" मी दोन वाक्यं सांगायची. पुढच्या महिन्यात चार. असं एक वर्ष झालं. शेवटचे पाचशे नेले तर तिने शंभराची नोट परत माझ्या हातात ठेवली. "आज मंगळवार आहे, सगळं घेत नाही."

पुढच्या महिन्यात मी ते शंभर घेऊन गेले. तेव्हा अमावास्या होती. त्याच्या पुढच्या महिन्यात तिने पैसे ठेवायचा डबा धुऊन पालथा घातला होता. एकदा म्हणाली, नोट जुनी आहे. मी नवी नेली, तर म्हणाली, फारच नवी आहे, खोटी वाटते. मला कळेना की सहा हजारांतले एकोणसाठशे मोजून घेणारी बाई शंभरावर का अडली आहे. डोक्यावर देणं ठेवून झोपायची मला सवय नाही. मी दर एक तारखेला रुमालात ते शंभर बांधून जात राहिले, आणि दर वेळी तासभर बसून ते घेऊन परत येत राहिले.

मग इतक्या दिवसांनी शेठची जॉर्जियाची सहल ठरली, माझी पहिलीच. तिथे खूप उंच डोंगरात उश्गुली नावाचं एक गाव आहे. गावात प्रत्येक घराला लागून दगडाचा एक चौकोनी मनोरा, शेकडो वर्षांपूर्वीचा. शत्रू आला की घरातली माणसं शिडी वर ओढून घेऊन त्यात लपायची. निघायच्या आदल्या दिवशी जिजीला सांगायला गेले. मी म्हटलं, "जिजी, मला भीती वाटते. तिथे कोणी काही विचारलं तर?"

ती म्हणाली, "कशाची भीती? तुझं बोलणं तिथे कोणाला कळणारच नाही. चूक काय आणि बरोबर काय, कोण बघतंय?" मग म्हणाली, "गाय दिसली तर बघ."

विमानाबद्दल काय लिहू. डोळे मिटून बसले होते. लाटणं मात्र मोठ्या बॅगेत साडीत गुंडाळून ठेवलं होतं, कारण जिजीचं पहिलं लाटणं विमानतळावर हातातल्या पिशवीतून काढून घेतलं होतं. तेव्हा ती तपासणाऱ्या बाईला म्हणाली होती, "घे, पण याने रोटल्याच लाट, कोणाला मारू नको."

उश्गुलीला आम्ही जीपने पोचलो. समोर बर्फाचा डोंगर, चिखलाच्या गल्ल्या, काळे मनोरे. आम्हाला एका घरात उतरवलं होतं, घरमालकीण माझ्याएवढीच, गुबगुबीत, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने आपला ओटा आम्हाला वापरायला दिला. पहिल्या सकाळी मी पहिली रोटली केली आणि हातात घेऊन उभी राहिले. बाहेर गावातले तीन-चार पुरुष बसले होते. मला दार उघडवेना. रोटली झाकून ठेवली. महाराज म्हणाला, अरे खाऊन टाक. मी नाही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहिली रोटली फुगली आणि मागून घंटा वाजली. वळून पाहते तर स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून एका गायीने अर्धं अंग आत घातलेलं. तांबडी, गोडादऱ्याच्या गायीसारखी, फक्त केस जास्त. त्या गावात गायी मोकळ्याच फिरतात हे मला नंतर कळलं. मी तिला रोटली दिली. तिने खाल्ली आणि अजून पाहिजे म्हणून माझा हात चाटला. मग कालची झाकलेलीही दिली. मला इतका आनंद झाला की डब्यातली हळद बोटाने घेऊन मी तिच्या कपाळावर चांगला ठसठशीत टिळा लावला.

ती गाय घरमालकिणीची होती. थोड्या वेळाने बाहेर ओरडा ऐकू आला. बाईने गायीच्या कपाळावरचा पिवळा डाग पाहिला आणि तिला वाटलं गायीला काहीतरी रोग झाला. तिने नवऱ्याला बोलावलं, शेजाऱ्याला बोलावलं. एक जण पाण्याची बादली घेऊन आला, एक जण गायीच्या तोंडात हात घालून जीभ बघायला लागला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आमचा गाईड आणि शेठ पॅसेंजरांना घेऊन डोंगराकडे गेलेले, महाराज अंघोळीला. सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

मी हळदीचा डबा घेऊन बाहेर गेले आणि बोलायला लागले. अहिराणीतच बोलले. म्हटलं, बाई, रडू नको, हा रोग नाही, ही हळद आहे, आम्ही डाळीत घालतो, लग्नात अंगाला लावतो. म्हटलं, आमच्याकडे पहिली रोटली गायीची असते, शेठची नंतर. म्हटलं, आमची लीलाजिजी आहे, तिने अकरा देश पाहिले आणि तिला एक गाय मिळाली नाही, तिचं मनगट गेलं म्हणून मी आले आहे. हात हलवून, गायीकडे, तव्याकडे, स्वतःकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. माझं लग्न झाल्यापासून मी एका दमात एवढं बोलले नव्हते. एक शब्द कोणाला कळत नव्हता, आणि सगळे गप्प उभे राहून ऐकत होते. शेवटी मी चिमूटभर हळद स्वतःच्या जिभेवर टाकली आणि कपाळाला लावली.

बाईने माझ्याकडे पाहिलं. मग डब्यात बोट घातलं, वास घेतला आणि आपल्या कपाळाला लावली. तिचा नवरा हसायला लागला, मग बादलीवालाही हसला. संध्याकाळी पॅसेंजर डोंगरावरून परत आले तेव्हा गल्लीतल्या पाच गायींच्या कपाळावर हळद होती आणि शेजारच्या दोन बायका माझ्याकडून रोटली लाटायला शिकत होत्या. शेठने दारातच विचारलं, "आ शुं थयुं?" मी त्यालाही सगळं सांगितलं. तो खुर्ची ओढून बसला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला.

सुरतेला उतरले ती घरी न जाता, बॅग ओढत आधी जिजीच्या दारात. ती मटार सोलत होती. वर न बघताच तिने विचारलं, "गाय उनी का व?"

"पाच उन्यात," मी म्हटलं. पाच आल्या.

तिने मटार बाजूला ठेवले. मी सुरुवातीपासून सांगितलं. घंटा कशी वाजली, गायीची जीभ कशी खरखरीत होती, बाई कशी रडली. मनोऱ्यांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भांडण झालं की वर जाऊन शिडी ओढून घ्यायची? आपल्या सोसायटीत असे चार बांधायला पाहिजेत." हळदीचं तिने तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना तिने डोळे पुसले आणि परत हसली. मध्ये चहा झाला, मटार मीच सोलून टाकले, आणि बाहेर ऊन उतरलं तरी मी बोलतच होते.

उठताना एकदम आठवलं. एक तारीख होऊन गेली होती. "जिजी," मी म्हटलं, "आज तुमचे शंभर आणलेच नाहीत. तशीच आले."

"माहीत आहे," ती म्हणाली. "वर्ष दीड वर्ष तू देणं द्यायला म्हणून येत होतीस. देणं नसतं तर माझ्या दारात पाय ठेवला असतास का? आज हात हलवत आलीस." मग तिने आपला डबा पुढे ओढला आणि झाकण उघडलं. "जा आता, घेऊन ये ते शंभर."

मी बॅग तिथेच ठेवून घरी गेले. कपाटातल्या रुमालातली नोट काढली. मिस्टर म्हणाले, "आलीस कधी आणि चाललीस कुठे?" मी म्हटलं, आले, येऊन सगळं सांगते. जिजीने नोट घेतली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, मंगळवार की अमावास्या काही विचारलं नाही, आणि डब्यात टाकून झाकण लावलं.

"फिटलं," ती म्हणाली. "सहा हजार पूर्ण."